31 डिसेंबर 1945, रात्रीचे 24 वाजता

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन हवाई दलाच्या नुकसानीच्या याद्यांत प्रत्येक विमानापुढे एक टक्केवारी असते आणि माणसांपुढे फक्त एक शब्द. विमानाचे नुकसान 10 टक्क्यांच्या आत असेल तर ते किरकोळ. 60 टक्क्यांच्या वर गेले की विमान कामातून गेले, फार तर त्याचे काही सुटे भाग दुसरीकडे उपयोगी पडायचे. आणि 100 टक्के म्हणजे ते समुद्रात किंवा शत्रूच्या मुलखात पडून पूर्णपणे हातचे गेले. माणसांसाठी असे मोजमाप नव्हते. मृत, जखमी, कैदेत किंवा बेपत्ता, एवढ्या चार शब्दांत त्यांची वासलात लावलेली असे. यातल्या शेवटच्या शब्दाशी माझी खरी गाठ पडली ती नोव्हेंबर 2018 मधल्या एका दिवशी, आणि त्या दिवसाची हकिकत मला नीट लिहून ठेवायची आहे.

मी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले, लग्नानंतर बर्मिंगहॅमला आले आणि गेली वीस वर्षे येथे जर्मन आणि इंग्रजीची दुभाषी व अनुवादक म्हणून काम करते. माझे बरेचसे काम रुग्णालयांतले, कारखान्यांतले आणि वारसाहक्काच्या कागदपत्रांचे असते. त्या दिवशीचे काम वेगळे होते. जर्मनीहून एक बाई, वय वर्षे एकोणऐंशी, आपल्या मुलासह दोन दिवसांसाठी आल्या होत्या. त्यांना स्टॅफर्डशायरमधली कॅनॉक चेस येथील जर्मन सैनिकी दफनभूमी पाहायची होती आणि नंतर तेथून जवळच असलेले कॉस्फर्डचे रॉयल एअर फोर्स संग्रहालय. मुलाला जेमतेम इंग्रजी येत होते, आईला मुळीच नाही.

बाईंचे वडील डॉर्निअर 17 या बॉम्बफेकी विमानावर निरीक्षक, म्हणजे मार्ग आणि लक्ष्य पाहणारे, होते. या विमानात चार माणसे बसत. सप्टेंबर 1940 मध्ये, इंग्लंडवरचे हवाई हल्ले ऐन भरात असताना, त्यांचे विमान बेल्जियममधल्या तळावरून निघाले आणि परतले नाही. बाई तेव्हा सव्वा वर्षाच्या होत्या. काही आठवड्यांनी बिनतारी संदेशवाहकाचा मृतदेह केंटच्या किनाऱ्याला लागला, इंग्रजांनी त्याला तेथल्याच एका गावच्या चर्चच्या आवारात पुरले आणि त्याची खबर रेड क्रॉसमार्फत जर्मनीला पोहोचली. उरलेल्या तिघांचे काहीच हाती लागले नाही. स्वतःच्या वडिलांना कबर नाही, म्हणून त्यांच्या शेजारी बसून शेवटचे उड्डाण केलेल्या माणसाच्या कबरीवर फुले ठेवायला या बाई आल्या होत्या.

त्या संदेशवाहकाची कबर केंटमधून इतक्या आत स्टॅफर्डशायरमध्ये कशी आली, हे मुलाने गाडीतच विचारले. ब्रिटन आणि पश्चिम जर्मनी यांच्यात 1959 मध्ये करार झाला आणि देशभरातल्या लहानमोठ्या स्मशानांत विखुरलेल्या जर्मन कबरींपैकी ज्यांची निगा राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाकडे नव्हती, त्या कॅनॉक चेसला एकत्र आणण्यात आल्या. 1967 मध्ये दफनभूमीचे लोकार्पण झाले. तेथे दोन्ही महायुद्धांतले सुमारे पाच हजार जर्मन आणि ऑस्ट्रियन लोक आहेत. पहिल्या महायुद्धात इंग्लंडवर पाडलेल्या चार हवाईजहाजांचे, म्हणजे वायूने भरलेल्या अवाढव्य फुगेवजा जहाजांचे, कर्मचारीही तेथेच एका जागी आहेत. आम्ही पोहोचलो तेव्हा उतारावरची हीदरची झुडपे तपकिरी पडली होती. करड्या दगडाच्या एकसारख्या बुटक्या शिळा ओळीने उभ्या होत्या, आणि मधूनच एखाद्या शिळेवर नावाऐवजी ‘एक जर्मन सैनिक’ एवढेच कोरलेले दिसे.

कबर सापडायला फार वेळ लागला नाही. बाईंनी पिशवीतून आणलेली फुले ठेवली, शिळेवरची पाने हाताने बाजूला केली आणि त्या बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. तेथे येणाऱ्या-जाणाऱ्यांना मदत करणारे एक वयस्क इंग्रज गृहस्थ अदबीने थोडे दूर थांबले होते. ते मूळचे कॉव्हेंट्रीचे होते. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन बॉम्बफेकीत त्या शहरात 568 माणसे मेली. मुलाला हे ठाऊक होते, आणि आपले आजोबा त्याच कामावर इंग्लंडच्या आकाशात आले होते हेही. तो त्या गृहस्थांशी बोलताना शब्द चाचपत होता. गृहस्थांनी मात्र एवढेच विचारले, की आणखी काही शोधून हवे आहे का.

बाईंनी तो प्रश्न माझ्याकडून ऐकला आणि माझ्याकडे वळून सावकाश, प्रत्येक शब्द नीट उच्चारत म्हणाल्या, “त्यांना विचारा, युद्धकैदी म्हणून कॅनडात मेलेल्या जर्मनांना कोठे पुरले आहे. माझे वडील पाच वर्षांनंतर वारले. 1945 च्या शेवटच्या दिवशी.”

मी ते वाक्य इंग्रजीत सांगितले. दुभाष्याने आपल्या पदरचे काही घालू नये, हा या व्यवसायातला पहिला नियम, आणि तो मी पाळला. गृहस्थांनी सांगितले की कॅनडात मरण पावलेले जर्मन कैदी 1970 मध्ये ऑन्टारिओतल्या किचनर गावच्या दफनभूमीत एकत्र आणले गेले. बाईंनी ‘किचनर’ हे नाव माझ्याकडून वहीत लिहून घेतले. त्या लिहीत असताना माझ्या पोटात खड्डा पडला होता, कारण ती तारीख मला ओळखीची होती.

वारसाहक्काच्या कामांत युद्धात बेपत्ता झालेल्या जर्मनांना मृत घोषित करणारे न्यायालयीन आदेश मी तोवर सहा-सात वेळा अनुवादित केले होते. एक माणूस रशियात हरवलेला, एक रुमानियात, एक पाणबुडीवरचा. आणि प्रत्येक आदेशात मृत्यूची वेळ एकच, ‘31 डिसेंबर 1945, रात्रीचे 24 वाजता’. पहिल्या खेपेस मला तो योगायोग वाटला, दुसऱ्या खेपेस टंकलेखकाची चूक वाटली, आणि तिसऱ्या खेपेस मी कायदा उघडून वाचला. युद्ध संपल्यावर लाखो माणसांचा ठावठिकाणा नव्हता. त्यांच्या बायकांना पुन्हा लग्न करायचे, निवृत्तिवेतन मागायचे, घर मुलांच्या नावावर करायचे, तर मृत्यूची तारीख हवी. प्रत्येकाची खरी तारीख न्यायालयाने शोधायची म्हटली असती तर पिढी सरली असती. म्हणून 1951 मध्ये कायदा झाला की त्या युद्धात बेपत्ता झालेल्या माणसाच्या मृत्यूची वेळ 1945 सालची अखेर धरावी. नातेवाइकांनी मुद्दाम अर्ज करून चौकशीची मागणी केली तरच वेगळी तारीख शोधावी. सोय म्हणून ती तारीख ठीकच होती, आणि मी त्या कायद्याला दोष देत नाही. पण आदेशाच्या कागदावर ती ‘मृत्यूची वेळ’ म्हणूनच छापलेली असते, आणि ती सोय आहे हे त्या कागदावर कोणी लिहीत नाही.

अभ्यागतांच्या खोलीत आम्ही चहासाठी बसलो तेव्हा बाईंनी आपली कागदांची फाईल उघडली. तुकडीच्या प्रमुखाने बाईंच्या आईला पाठवलेले पत्र, शत्रूवरील उड्डाणावरून विमान परतले नाही असे सांगणारे. बर्लिनच्या त्या कार्यालयाचा दाखला, जे युद्धात पडलेल्यांची आणि कैद्यांची माहिती नातेवाइकांना देण्यासाठी 26 ऑगस्ट 1939 ला, म्हणजे युद्ध सुरू होण्याच्याही आधी, उघडण्यात आले होते आणि ज्यात पुढे 1 कोटी 80 लाखांहून अधिक माणसांची कार्डे जमा झाली. त्याखाली 1950 च्या दशकातला न्यायालयाचा आदेश. आणि सर्वांत खाली, मुलाने एका अभ्यासकाकडून मिळवलेली नुकसानीच्या यादीच्या पानाची प्रत.

बाई बोलू लागल्या. आई दर वर्षी 31 डिसेंबरला खिडकीत मेणबत्ती लावायची. बाहेर लोक नव्या वर्षाचे फटाके उडवायचे आणि त्यांच्या घरात सगळे गप्प असायचे. आईने कधी काही समजावून सांगितले नाही. बारा-तेरा वर्षांच्या असताना बाईंनी कपाटात हा आदेश पाहिला आणि मनाशी हिशेब केला, की वडील विमान पडल्यावर वाचले असले पाहिजेत, आणि पाच वर्षे कोठेतरी जगले असले पाहिजेत. ब्रिटनमध्ये पकडलेल्या कितीतरी जर्मन वैमानिकांना जहाजाने कॅनडाला नेले होते, हे त्यांनी पुढे वाचले आणि हिशेब पक्का झाला. मग पासष्ट वर्षे त्यांना एकच प्रश्न पडला होता: त्या पाच वर्षांत त्यांनी एकही पत्र का लिहिले नाही?

मुलगा खाली पाहत होता. मला वाटते, त्याला शंका आली असावी, पण आईजवळ तो विषय काढण्याचा धीर त्याला कधी झाला नव्हता.

मी नियम मोडायचे ठरवले, पण विचारून मोडायचे. मी बाईंना म्हटले, “दुभाषी म्हणून माझे काम येथे संपते. या कागदांबद्दल मला अनुवादक म्हणून काही ठाऊक आहे. तुमची परवानगी असेल तर सांगते, नसेल तर आपण कॉस्फर्डला निघू.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “सांगा.”

मी सांगितले. दुसऱ्या आदेशांतली तीच तारीख, कायदा, त्यातले कलम, आणि हेही की पकडलेल्या माणसाचे नाव रेड क्रॉसकडून काही आठवड्यांत जर्मनीला कळत असे, जसे त्या संदेशवाहकाचे कळले. मुलाने मध्येच विचारले की त्या राजवटीने केलेल्या याद्यांवर विश्वास ठेवायचा कसा. प्रश्न रास्त होता. या याद्या पुरवठा खात्यासाठी होत्या; किती विमाने गेली आणि किती नवी पाठवायची, याचा हिशेब त्यांतून व्हायचा, तेव्हा त्यांत खोटे लिहून लिहिणाऱ्याचेच नुकसान होते. 15 सप्टेंबर 1940 च्या लढाईनंतर ब्रिटनने 185 जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर केले होते. युद्धानंतर हा आकडा जर्मनांच्याच कागदांशी ताडून पाहिला तेव्हा तो साठाच्या आसपास उतरला, आणि ब्रिटिश इतिहासकारांनीही तो मान्य केला.

मग आम्ही ते पान ओळीओळीने वाचले. तारीख, तुकडी, ठिकाण म्हणून इंग्लिश खाडी, विमानाचा कारखाना क्रमांक, नुकसान 100 टक्के. त्याखाली चार नावे, आणि चौघांपुढेही एकच शब्द, ‘फेरमिस्ट’. मराठीत आपण ‘बेपत्ता’ म्हणतो, म्हणजे ज्याचा पत्ता नाही तो. जर्मन शब्दात याखेरीज आणखी एक अर्थ आहे, ज्याची उणीव भासते तो. ‘मला तुझी आठवण येते’ हेही त्याच क्रियापदाने म्हणतात. बाईंनी त्या शब्दावर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, “म्हणजे त्यांनी लिहायचे टाळले नव्हते.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते. मुलगा मात्र उठून बाहेर गेला.

कॉस्फर्डला जायचे की नाही, असे मी विचारले, तर बाई म्हणाल्या की जायचेच. संग्रहालयात मोठ्या दालनात एक युंकर्स 88 उभे आहे, रात्रीच्या लढाईचे, रंगरंगोटीसह सबंध. मे 1943 मध्ये त्याच्या वैमानिकाने नॉर्वेहून उड्डाण करून ते स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळच्या विमानतळावर आणून उतरवले, आणि त्यातले गुप्त रडार इंग्रजांना आयते मिळाले. आतली तिन्ही माणसे जिवंत राहिली. बाई त्याच्यापुढे फार रेंगाळल्या नाहीत. त्यांना डॉर्निअर पाहायचे होते.

संवर्धन केंद्र त्या आठवड्यात लोकांसाठी खुले होते. गुडविन सँड्स या केंटच्या किनाऱ्याजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर, सुमारे पंधरा मीटर पाण्याखाली, एक डॉर्निअर 17 उलटे पडलेले 2008 मध्ये सापडले आणि 10 जून 2013 ला ते वर काढण्यात आले. या जातीचे दुसरे विमान जगात शिल्लक असल्याचे माहीत नाही. ते 26 ऑगस्ट 1940 ला पाडलेले विमान असावे, असे संग्रहालयाने तेव्हा सांगितले होते. म्हणजे बाईंच्या वडिलांचे ते नव्हते, आणि हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. समुद्रातून काढलेले ॲल्युमिनियम हवा लागताच झपाट्याने खराब होऊ लागते, कारण खार धातूच्या आत मुरलेला असतो. म्हणून प्लास्टिकच्या दोन लांब बोगद्यांत ठेवून त्यावर अनेक महिने सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाचा फवारा सतत चालू ठेवावा लागला, तेव्हा कोठे शिंपल्यांचा थर सुटला आणि खार निघाला. आता उरले होते ते पंख, धडाचा सांगाडा, आणि कागदासारखा फाटलेला पत्रा. मला वाटले होते त्यापेक्षा ते पुष्कळ लहान होते. चार माणसे त्या पुढच्या भागात दाटीवाटीने, खांद्याला खांदा लावून बसत, हे ऐकणे आणि पाहणे यांत फार अंतर आहे.

बाईंनी तेथल्या माणसाला माझ्याकडून विचारले, “यादीत याचे किती टक्के?”

तो म्हणाला, “शंभर.”

त्यांनी मान हलवली आणि वडिलांची जागा कोणती असेल ते विचारले. त्याने पुढच्या काचेच्या नाकाडामागची जागा हाताने दाखवली. त्या तिकडे पाहत राहिल्या. मी काहीच अनुवादित केले नाही, कारण कोणीच काही बोलत नव्हते.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या कागदांचा इंग्रजी अनुवाद पाठवला. न्यायालयाच्या आदेशातली तारीख आहे तशी ठेवली; ती बदलण्याचा अधिकार मला नाही. खाली अनुवादकाची टीप जोडून ती तारीख कायद्याने धरलेली आहे, एवढे नोंदवले. जानेवारीत त्यांचे पत्र आले. मेणबत्ती यंदाही 31 डिसेंबरलाच लावली, कारण ती आईची तारीख आहे, असे त्यांनी लिहिले होते. ती टीप जर्मनमध्ये, मोठ्या अक्षरांत, नातवंडांना वाचता येईल अशी लिहून द्याल का, अशी विनंती होती.

मी ती लिहिली. सप्टेंबर 1940 मधली तारीख लिहून त्या दिवशी विमान पूर्णपणे नष्ट झाल्याचे लिहिले. माणसाविषयी, त्या दिवशी मृत्यू झाला असे लिहायला हात पुढे झाला होता, पण तसे कोणत्याही कागदात नाही. म्हणून लिहिले, “या दिवसानंतर त्यांची कोणतीही नोंद नाही.”