पद्मिनीच्या पुढच्या काचेचं रबर आणि ती चकचकीत पट्टी

जुन्या गाडीत पुढच्या काचेतून पाणी यायला लागलं की बहुतेक गॅरेजांत एकच उत्तर मिळतं, "वरून सिलिकॉन मारून देतो, थेंब आत यायचा नाही." आमच्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनीला कुणीतरी हे कधीचंच करून ठेवलं होतं, काचेभोवती बोटभर जाड. ओलं असताना ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. रंग उडालेल्या पत्र्यावर त्यानं गंज धरायला वेळ लागत नाही. नंतर तिथं रंगही बसत नाही. आणि एखाद्या फटीतून पाणी आत गेलंच, तर त्याला बाहेर यायची वाट उरत नाही, ते रबराखालीच मुरत राहतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: वरून काही फासू नका. काच उतरवा, खालचा पत्रा बघा, रबर नवं घाला.

त्याआधी पाणी खरंच काचेकडून येतंय का, याची खात्री करा. वायपरच्या दांड्यांची रबरं गेली असली तरी पाणी पायाशीच जमतं. एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून नळी धरायची, आणि नळी खालून हळूहळू वर न्यायची. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. आतल्या कडेनं आधी खडू फिरवून ठेवला तर ओली रेघ चटकन दिसते. आमची गळती स्टिअरिंगच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात निघाली. आमच्या नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, त्यामुळे असा कोपरा वर्षानुवर्षं लपून राहू शकतो. इगतपुरीत ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. तिथून कसारा घाट उतरताना आमच्या अण्णांच्या चपला भिजल्या, तेव्हा हे काम पुढे ढकलायचं नाही असं ठरलं.

रबराचं दुकान शोधणं आता सोपं राहिलेलं नाही. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी धावत होत्या तोवर तिचे भाग सहज मिळायचे. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. आम्ही ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत फिरून रबर आणलं. घेताना दोन गोष्टी बघा. कोपरा चिमटीत धरून मुडपा, बारीक चिरा दिसल्या तर तो माल गोदामातच म्हातारा झालाय. आणि काचेभोवती रबर किंचित सैल बसायला हवं. ताणून बसवावं लागणारं रबर उन्हाळ्या-पावसाळ्यात आखडतं आणि कोपऱ्यावर किंवा सांध्यावर उघडं पडतं.

या रबराचा तुकडा आडवा कापून पाहिला तर तीन खाचा दिसतात: एकीत काच, एकीत गाडीच्या पत्र्याची कड, आणि बाहेरच्या तोंडाला एक अरुंद खाच, जिच्यात ती चकचकीत पट्टी बसते. अनेकजण पट्टीला शोभेची वस्तू समजतात आणि काम सोपं व्हावं म्हणून ती काढूनच टाकतात. मला ते बघवत नाही. पट्टीशिवाय ती खाच उघडी राहते, तिच्यात धूळ आणि पाणी साठतं. शिवाय पद्मिनीचा चेहरा त्या रेघेशिवाय पद्मिनीचा राहत नाही.

म्हणूनच जुनी काच उतरवताना रबर वाचवू नका, पट्टी वाचवा. रबर दुसरं मिळेल. स्क्रू ड्रायव्हर घालून पट्टी उचकटली की ती तिथेच मुरडते, आणि मुरडलेली जागा पॉलिश केल्यावर जास्तच डोळ्यांत येते. आम्ही कटरनं बाहेरचं रबर कापत गेलो, पट्टी आपोआप सुटी झाली. कुठला तुकडा वरचा, कुठला खालचा, डावा-उजवा, हे मास्किंग टेपवर लिहून चिकटवलं. बारीक पोचे सागवानी ठोकळ्यावर ठेवून लाकडानंच हळू ठोकून काढले.

काच उतरली आणि खरं काम दिसलं. मी नाशिकच्याच अंबडमधल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, त्यामुळे हातात जाडी मोजायचा व्हर्नियर आधी येतो. कोपऱ्यातली कड गंजाचे पापुद्रे धरून चांगल्या जागेच्या जवळजवळ दुप्पट जाड झाली होती. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. अशी फुगलेली कड रबराच्या खाचेत नीट शिरत नाही, रबर तिरपं बसतं, आणि नवं रबर घालूनही पाणी येतं. मग दोष रबराला दिला जातो. वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, पत्रा पांढरा होईपर्यंत. एका ठिकाणी आरपार भोक निघालं. तिथं लांबी (पुट्टी) भरून चालत नाही, काचेचा भार त्याच कडेवर असतो. डेंटरनं सडका भाग कापून नवा तुकडा वेल्ड केला, घासून कड मूळ जाडीला आणली, त्यावर एपॉक्सी प्रायमर आणि रंग. रंग पुरता कडक होऊ द्या. घाई केली तर दोरी ओढताना तोच रंग खरवडला जातो.

काच बसवायला नाशिकच्या द्वारका चौकाजवळचे काचवाले चाचा घरी आले. त्यांनी आयुष्यभर ट्रक आणि फियाटच्या काचा बसवल्यात. रबर त्यांनी आधी अंगणात उन्हात ठेवायला लावलं. एप्रिलमधलं नाशिकचं ऊन या कामाला उत्तम, रबर मऊ पडतं. खाटेवर गोधडी, गोधडीवर काच, काचेभोवती रबर. पट्टी इथेच, काच गाडीवर चढण्याआधी बसवायची. मागाहून बसवायला गेलं तर रबर पत्र्यात आवळलेलं असतं आणि खाच उघडत नाही. अरुंद खाचेत बारीक दोरी घालून ठेवली, मी दोरी थोडी थोडी उपसत गेले तसे खाचेचे ओठ फाकत गेले, आणि चाचा मागोमाग अंगठ्यानं पट्टी दाबत गेले. पूर्ण बसल्यावर टेपनं काचेला बांधून टाकली, म्हणजे उचलताना निसटणार नाही.

मग पत्र्याच्या खाचेत सगळीकडून नायलॉनची दोरी, दोन्ही टोकं खालच्या मधोमध एकमेकांवरून काढून आतल्या बाजूला लोंबती सोडलेली. कडेला साबणाचं पाणी. ग्रीस किंवा ऑइल अजिबात नाही, हल्लीची रबरं बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात आणि ती पेट्रोलियम तेलानं फुगतात. चाचा आणि माझा भाऊ बाहेरून काच धरून उभे, मी आत.

"ताई, दोरी काचेच्या मधोमध ओढा, स्वतःकडं नको," चाचा म्हणाले. दोरी काचेला समांतर आली की रबराचा आतला ओठ पत्र्यावरून उलटून पडतो. स्वतःकडे ओढली तर ओठ फाटतो. खालची बाजू आधी, मग दोन्ही उभ्या, वरची सगळ्यात शेवटी. दोरी जिथून सुटतेय तिथेच बाहेरून उघड्या तळहाताची थाप. वरच्या कोपऱ्यात ती अडकली.

"चाचा, येत नाही हो."

"मग सोडा. मी पाणी मारतो."

त्यांनी वरून साबणाचं पाणी सोडलं, तळवा टेकवून काच केसभर खाली सरकवली, आणि दोरी आपसूक आली. हातोडी, मग ती रबरी का असेना, जवळही आणायची नाही. आमची काच लॅमिनेटेड आहे, कडेला एक ठोका बसला तरी तिथून तडा धावतो.

शेवटी रबराचा ओठ किंचित उचलून पत्र्याच्या बाजूनं कधीच न कडक होणारं बेडिंग कंपाउंड (फट बुजवणारा मऊ लगदा) भरलं. रबर बसत जातं तसं ते सोबत सरकतं, सिलिकॉनसारखं उकलत नाही. दोन दिवसांनी पुन्हा नळीची परीक्षा घेतली, खडू कोरडा राहिला.

मागच्या काचेचं रबर अजून जुनंच आहे, त्याचं काम दिवाळीनंतर. तिथल्या पट्टीचा मधला सांधा झाकणारी क्लिप मात्र आमच्याकडे नाही. नाशिकमध्ये किंवा मालेगाव, सिन्नरकडे कुणाच्या भंगारात पडलेल्या पद्मिनीवर ती शाबूत असेल तर कृपया कळवा, मी येऊन काढून नेईन.