दाराजवळचा बाक

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं आणि लिहायचं म्हटल्यावर बाईंशिवाय दुसरं काही सुचेना. आपल्याकडे नुसतं ‘बाई’ म्हटलं तरी सगळ्यांना कळतं, म्हणून नाव लिहीत नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन उरकून किल्लारीकडची गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपानं काय केलं ते लातुरात कुणाला सांगायला नको. आमच्या दगडमातीच्या घरात वडील आणि धाकटी बहीण गेले. आई आणि मी वाचलो. मामांनी आम्हाला लातूरला आणलं.

सातवीत प्रवेश हवा होता, पण गावची शाळाच पडलेली. शाळा सोडल्याचा दाखला आणणार कुठून? आता शिक्षण हक्क कायद्यामुळे दाखल्यापायी प्रवेश अडवता येत नाही, तेव्हा तो कायदा नव्हता. बाईंनी मामांकडून अर्ज लिहून घेतला, “दाखल्याचं मी बघते” म्हणाल्या आणि मला थेट वर्गात नेलं.

वर्गात मला बसवेना. रस्त्यावरून ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली, की मी दप्तर टाकून मैदानात पळायचो. बाईंनी एक बाक ओढून दाराजवळ लावला आणि दाराला दगड लावून ते उघडं ठेवलं. “लेकरा, इथं बस. जावंसं वाटलं की जा, मला विचारू नको. मात्र परत ये.” वर्षभर ते दार लागलं नाही, थंडीतसुद्धा. मी बाहेर गेलो की बाई आवाज चढवून शिकवायच्या. लिंबाखाली मला सगळं ऐकू यायचं.

सहामाहीत नापास झालो. मला दुकानात बसवायचं घरी जवळजवळ ठरलं होतं. बाईंनी आईला बोलावून सांगितलं, “याला वेळ लागेल. शाळा तेवढी सोडवू नका.”

आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. बाप गेला की मुलगा कामाला लागतो आणि आई गेली की मुलगी चुलीपाशी बसते, हे डोळ्यांनी बघतो. करोनानंतर तर अशी लेकरं फार वाढली. बालसंगोपन योजनेचे अर्ज मी भरून देतो, त्या पैशाचा आधारही होतो. पण आमचा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. लेकराच्या घरी जाऊन घटकाभर बसायला वेळ उरत नाही, याचं फार वाईट वाटतं.

कार्यक्रमात बाईंचा सत्कार आहे असं पत्रात वाचलं. आईला घेऊन येतोय. तिला स्वतःच्या हातानं बाईंना साडीचोळी द्यायची आहे. समितीनं तेवढी पाच मिनिटं राखून ठेवावीत.