३९/२५ गिअरवर घाट : जाणाऱ्यांसाठी थोडं

घाटाचा खालचा टप्पा ५-६ टक्क्यांचा आहे, मधे थोडी सपाटी, आणि मग शेवटचा तुकडा १० टक्क्यांच्या वर. माझ्या सायकलला पुढे ५३ आणि ३९ दातांची दोन चक्रं (चेनरिंग) आणि मागे ११ ते २५ दातांच्या चक्रांचा संच (कॅसेट), म्हणजे सगळ्यात हलका गिअर पुढे ३९ ला मागे २५. खाली काहीच जाणवलं नाही, गप्पा मारत चढलो, पण सपाटी संपली आणि चित्रच बदललं. दम लागलेला नव्हता, श्वास व्यवस्थित चालू होता, पण मांड्या भरून आल्या. पेडल वरच्या टोकाला आलं की सायकल जवळजवळ थांबायची, पुढचं चाक डगमगायचं, मग अख्खं वजन टाकून पेडल खाली दाबायचं.

हिशोब सोपा आहे. ३९/२५ ला पेडलच्या एका फेरीत सायकल सव्वातीन मीटर जाते, ताशी ८ किमीला केडन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) जेमतेम ४०. तोच वेग ३४/३४ ला ६० च्या वर केडन्स देतो. ताकद एकूण तेवढीच लागते पण प्रत्येक दाबाला कमी, आणि गुडघा वाचतो तो यामुळेच!!

आहे त्याच गिअरवर जाणार असाल तर खालच्या टप्प्यात जोर लावूच नका, पाय वरच्या तुकड्यासाठी ठेवा. थोडं उभं राहून, थोडं बसून असं आलटून पालटून चढा, उभं राहताना मागे एक जड गिअर टाका म्हणजे पाय एकदम रिकामा जात नाही. वाळू किंवा ओलं असेल तिथे मात्र बसूनच, नाहीतर मागचं चाक जागेवर फिरतं. वळणाला आतली बाजू सगळ्यात उभी असते, तेव्हा गाडी येत नाही हे बघून आपल्याच लेनमधे जेवढं बाहेरून जाता येईल तेवढं जा. पुढे चेन चढ लागायच्या आधीच छोट्या चेनरिंगवर आणा, जोर लावून शिफ्ट केलं की पडते. थांबलात तर रस्ता मोकळा बघून सायकल थोडी आडवी धरा आणि मग निघा. आणि गुडघ्याच्या वाटीपाशी दुखायला लागलं तर सरळ उतरून चाला, त्यात काही कमीपणा नाही.

पण मनापासून सांगतो, जायच्या आधी गिअर बदलून घ्या. १३० बीसीडीच्या (चेनरिंगचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, मिमीमधे) क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांड्याला, ३८ पेक्षा लहान चेनरिंग बसतच नाही, म्हणजे ३४ हवं तर क्रँकच बदलावा लागतो, त्यापेक्षा मागे मोठी कॅसेट स्वस्तात पडते. फक्त मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) किती दातांपर्यंत चालतो ते आधी बघा, छोट्या केजच्या (चेन ताणून धरणारा खालचा हात) बऱ्याच जुन्या डिरेलरना ३२ झेपत नाही. चेनही पुढे मोठं मागे मोठं लावून तपासा, कमी पडली तर डिरेलर ताणला जाऊन तुटू शकतो.