लिंबाला गुटी बांधली आणि झायलेम-फ्लोएम डोळ्यांनी बघितलं

शाळेत झायलेम पाणी वर नेतं आणि फ्लोएम अन्न पोचवतं हे इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं, पण झाडात ते नक्की कुठे असतं हे मला लिंबाच्या फांदीला गुटी बांधली तेव्हा कळलं.

गुटी कलम म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायची. पेन्सिलीएवढी जाड फांदी धरली, डोळ्याच्या (फांदीवर अंकुर फुटतो त्या जागेच्या) जरा खाली इंचभर अंतरावर दोन गोल काप दिले आणि मधली साल अंगठीसारखी काढून टाकली. आतलं पांढरट लाकूड उघडं पडलं, त्यावर ओलं मॉस, वरून पारदर्शक प्लास्टिक आणि दोन्ही टोकं सुतळीने घट्ट. मला खरंच वाटत होतं की दोन दिवसांत फांदी मान टाकणार, चारी बाजूंनी साल काढलीय तर पाणी वर जाणार कुठून? पण पंधरा दिवस झाले तरी पानं हिरवीगार! म्हणजे पाणी सालीतून जातच नव्हतं, ते आतल्या लाकडातून जात होतं, लाकूड म्हणजेच झायलेम.

आणि झायलेमच्या नळ्यांच्या पेशी मेलेल्या असतात, नुसत्या भिंती उरलेल्या. ओढायचं काम पानं करतात. पर्णरंध्रांतून वाफ निघून जाते तसं मागचं पाणी वर खेचलं जातं, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, मुळापासून पानापर्यंत जणू एकच सलग दोरा. हे डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये मांडलं. तोंडाने किंवा पंपाने वरून ओढून पाणी साधारण १० मीटरच्या वर येत नाही, आणि कॅलिफोर्नियातले रेडवुड वृक्ष १०० मीटरच्याही वर पाणी नेतात, तेही आवाज न करता. मला हे अजूनही अद्भुत वाटतं.

तर, दीड महिना झाला आणि मुळांचा पत्ता नाही. सोडून बघितलं तर वरची आणि खालची साल वाढून परत जोडली गेली होती. साल काढल्यावर लाकडावर जो बुळबुळीत थर राहतो तो कॅम्बियम, तो मी खरवडलाच नव्हता. हाच थर आतल्या बाजूला नवं झायलेम आणि बाहेरच्या बाजूला नवं फ्लोएम तयार करतो, त्यामुळे अन्नाचा रस्ता पुन्हा सुरू झाला आणि साखर सरळ खाली निघून गेली.

दुसऱ्या फांदीला सुरीच्या पाठीने लाकूड कोरडं लागेपर्यंत खरवडलं. तीन आठवड्यांत कापाची वरची कड फुगली, खालची होती तशीच. पानांत तयार झालेली साखर सालीतल्या फ्लोएममधून खाली येत होती आणि रस्ता तुटला म्हणून तिथेच साठली, मुळं फुटायला लागणारं ऑक्झिन हे संप्रेरकही तिथेच अडलं. माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सालीचं कडं काढून हीच फूग बघितली होती. फ्लोएमच्या नळ्यांच्या पेशी जिवंत असतात पण त्यांना केंद्रक नसतं, शेजारची सहपेशी त्यांना सांभाळते. पानाकडे साखर भरली की झायलेममधलं पाणी परासरणाने आत येतं, दाब वाढतो आणि रस जिथे साखर वापरली जाते तिकडे ढकलला जातो, हे म्युंख या जर्मन शास्त्रज्ञाने १९३० मध्ये मांडलं. (म्हणूनच मुख्य खोडाची साल कधीही गोल काढू नका, वरची पानं बराच काळ चांगली दिसतात पण खाली मुळं उपाशी मरतात.)

मग त्या फुगलेल्या कडेतूनच पांढरी मुळं आली. ती तपकिरी होऊ लागल्यावर गुटीच्या खालून फांदी कापली आणि कुंडीत लावली, तर दुपारपर्यंत सगळी पानं लोंबली. मुळं बोटभर आणि पानं पूर्ण फांदीची, जेवढी वाफ जात होती तेवढं पाणी ती मुळं देऊच शकत नव्हती. लगेच निम्मी पानं कापली, कुंडी सावलीत घेतली, वर पारदर्शक पिशवी घातली म्हणजे आत दमट राहील आणि वाफ कमी जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी पानं ताठ होती. टोकाला कोवळी पालवी दिसली तेव्हा पिशवीला एक भोक पाडलं, चार दिवसांनी आणखी दोन, आणि आठवड्याने पिशवी काढून टाकली.