आमची वाटचाल : चिठ्ठीचं उत्तर गावात पोचावं म्हणून

बेळगावच्या टिळकवाडीत आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. सुरुवात दवाखान्यांच्या बिलिंगपासून झाली. त्या निमित्तानं खानापूर, जांबोटी, निपाणी भागातल्या डॉक्टरांकडे ऊठबस वाढली आणि एकच तक्रार सगळीकडे ऐकू आली : पेशंट मोठ्या डॉक्टरांकडे पाठवला की पुढचं काही कळत नाही. कुणी बेळगावला जातो, कुणी मिरजेला, कुणी थेट गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात. चिठ्ठी तिकडंच राहते आणि औषधं चालू ठेवायची जबाबदारी मात्र गावातल्या डॉक्टरांवर येते.

म्हणून आम्ही रेफरलची, म्हणजे पेशंट तज्ज्ञाकडे पाठवण्याची, ऑनलाइन व्यवस्था बांधली. हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवायचं तर ईसीजी, बीपी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नोंद फॉर्मच मागून घेतो. तज्ज्ञ तो वाचून ‘आजच पाठवा’ किंवा ‘या आठवड्यात’ असं कळवतात. कधी ‘थायरॉइडच्या गोळीचा डोस वाढवा, सहा आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करा, पाठवू नका’ एवढंच उत्तर येतं. मला यातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं, कारण कणकुंबीच्या माणसाचा रोजगार आणि एसटीचं भाडं वाचतं. ब्रिटनमध्ये 2004 साली ‘चूज अँड बुक’ ही रेफरलची सरकारी ऑनलाइन व्यवस्था आली, 2015 मध्ये तिची जागा ‘ई-रेफरल सर्व्हिस’नं घेतली, असा सल्ला मागण्याची सोय त्यातही आहे.

घाटात रेंज नसते, तेव्हा फॉर्म मोबाइलमध्येच साठतो आणि रेंज आली की जातो. डॉक्टर इंग्रजीत लिहितात, पेशंटच्या हातातला कागद मराठीत किंवा कन्नडमध्ये निघतो. ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’ या सरकारी आरोग्य योजनेखाली खासगी दवाखान्यात ठरवून करायच्या उपचारांना सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते, तातडीच्या वेळी लागत नाही, हेही त्या कागदावर वरच छापतो. नाहीतर घरची माणसं काउंटरवरून परत फिरतात.

एका मोठ्या दवाखान्यानं पैसे देऊ, फॉर्ममधल्या तज्ज्ञांच्या यादीत आमचं नाव वर ठेवा, असं सुचवलं. आम्ही नकार दिला. रेफरलसाठी कमिशन घेण्या-देण्याला वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांत मनाई आहेच. पण नियम नसता तरी आम्ही हे केलं नसतं. यादी विषय आणि अंतर पाहूनच लागते.

सध्या आभा क्रमांक (पेशंटचा सरकारी डिजिटल आरोग्य-ओळख क्रमांक) जोडण्याचं काम चालू आहे. पेशंटची संमती घेतल्याशिवाय एकही रिपोर्ट पुढं जाणार नाही, अशीच त्याची रचना ठेवली आहे.