आग्वा डुल्से ते तेहाचपी, वाऱ्यातून

पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडची लांबलचक पायवाट, म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर सिएरा नेवाडाची डोंगररांग येते, बर्फ, निळी तळी, देवदार वगैरे. पण मेक्सिकोच्या बॉर्डरपासून कॅनडापर्यंतच्या या साधारण ४,२६५ किमीमधले पहिले हजार-अकराशे किमी वाळवंटातल्या डोंगरांमधूनच जातात, आणि आमच्या इथल्या मराठी ग्रुपमध्ये हा भाग करू म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, तिथे बघायला आहे काय? मी आता ठामपणे सांगते, सुट्टीत एकच तुकडा जमणार असेल तर हा करा, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या आग्वा डुल्से आणि तेहाचपी या दोन गावांमधला, साधारण १८० किमी.

आम्ही चौघं, कॉलेजचे मित्र. दोघं बे एरियात, एक सॅन डिएगोला, आणि एक खास नाशिकहून आलेला, ज्याने सह्याद्रीतले बहुतेक किल्ले पालथे घातलेत. त्याला चढाचं काहीच वाटत नव्हतं, त्याला त्रास झाला तो पाण्याचा. आपल्याकडे गडावर टाकं असतं, खाली वाडीत कोणीतरी तांब्याभर पाणी देतंच, इथे मात्र रोज सकाळी नकाशा उघडून पुढचं पाणी किती मैलांवर आणि ते वाहतंय का, एवढंच बघायचं आणि त्या हिशोबाने पाठीवर घ्यायचं. पाच लिटर म्हणजे पाच किलो, आणि ते पिऊन हलकं होईपर्यंत खांदे बोलत राहतात.

सुरुवात वास्केझ रॉक्सच्या तिरक्या उभ्या शिळांमधून होते, मग सान फ्रान्सिस्किटो कॅन्यनचा रस्ता ओलांडावा लागतो. तिथे ट्रेलवर काहीही दिसत नाही, पण याच कॅन्यनमध्ये खाली सेंट फ्रान्सिस धरण होतं, १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्रीच्या सुमारास ते फुटलं आणि चारशेहून जास्त माणसं गेली. ते बांधलं होतं लॉस एंजेलिसच्या पाणीखात्याचे मुख्य इंजिनीअर विल्यम मलहॉलंड यांनी, आणि पुढे ज्या कालव्यावरून आपण चालतो तोही त्यांचाच. पानशेत फुटल्याच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली मी, मला तो रस्ता ओलांडताना थांबावंसं वाटलं. थोडा वेळ थांबलो सगळे.

हायकरटाऊन या ट्रेलवरच्या मुक्कामाच्या जागी पोचलो की डोंगर संपतात आणि समोर अँटिलोप व्हॅली, म्हणजे मोहावी वाळवंटाचं पश्चिमेचं टोक. इथून ट्रेल लॉस एंजेलिसच्या कालव्याला धरून जातो. आधी जाडजूड लोखंडी पाईप, मग वरून काँक्रीटने झाकलेला कालवा आणि त्याच्यावरूनच चालायचं. १९१३ साली सुरू झालेला हा कालवा, ओवेन्स व्हॅलीतून पावणेचारशे किमीवरून पाणी आणतो तेही नुसत्या उतारावर, एकही पंप नाही. म्हणजे तुमच्या पायाखालून एका शहराचं पाणी धावतंय आणि तुम्ही मात्र बाटलीतला घोट मोजून घेताय. तिकडे ओवेन्स तलाव या पाण्यापायी कोरडा पडला, त्याच्या धुळीने तिथल्या लोकांचे हाल झाले. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं पण तिथे घसा कोरडा असताना त्याचा अर्थ वेगळाच लागतो, आपल्याकडे धरणाशेजारच्या गावात टँकर येतो ना तेच डोक्यात घोळत होतं.

सावली अशी नाहीच. जोशुआ ट्री ही काटेरी पानांची वाळवंटी झाडं असतात पण त्यांची सावली चाळणीतून पडल्यासारखी. म्हणून बरेच जण हा सपाट भाग संध्याकाळी निघून रात्री चालतात, आम्हीही तेच ठरवलं, आणि तिथे वारा भेटला.

वाऱ्याचं गणित समजून घेतलं की राग येत नाही. दिवसभर मोहावी तापते, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला डोंगरापलीकडची सॅन वाकिन खोऱ्यातली गार हवा तेहाचपीच्या खिंडीतून घुसते. वसंतात हे जोरात चालतं, दुपारनंतर वाढत जातं, आणि ट्रेलचा सीझनही नेमका तोच. म्हणजे दिवसा ऊन घ्या नाहीतर रात्री वारा घ्या, दोन्ही टळत नाही. म्हणूनच १९८० च्या दशकापासून इथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आता तर डोंगरच्या डोंगर भरलेत. रात्री त्यांचे लाल दिवे सगळे एकदम लागतात, एकदम विझतात, आणि पाती फिरताना येणारा तो घूं घूं आवाज झोपेतही कानात राहतो.

कॉटनवुड क्रीकच्या पुलापाशी पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटलेली. नदीचं पात्र कोरडं ठणठणीत. तंबू लावायला गेलो तर वाळूत खुंट्या राहीनात, एक ठोकली की दुसरी उपटून येई, कापड फडफडून कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येईना. शेवटी नाशिककर तंबूच्या आत जाऊन आडवा झोपला, त्याच्या वजनाने तळ दबला, सॅन डिएगोवाली दोन्ही पोल धरून वाऱ्याकडे पाठ करून बसली आणि आम्ही दोघी हेडटॉर्चच्या उजेडात दगड शोधून प्रत्येक खुंटीवर दोन-दोन ठेवले. तसं करत एक तंबू उभा राहिला, दुसरा लावलाच नाही, दोघांच्या तंबूत चौघं. सॅक्स वाऱ्याच्या बाजूने भिंतीसारख्या लावल्या. स्टोव्ह पेटवायचा प्रश्नच नव्हता, एवढ्या वाऱ्यात सुक्या गवतात ठिणगी पडली तर डोंगर पेटेल, त्यामुळे घरून आणलेले मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी आणि दाबून दाबून भुगा झालेला चिवडा. मला तरी त्या रात्रीसारखं जेवण आठवत नाही.

तिथून पुढे वरच्या धारेवर वारा डावीकडून. पाऊल उचललं की ते ठेवायच्या जागेवर पडत नाही, थोडं उजवीकडेच पडतं, आणि सॅकच शीड होऊन बसते. बोलणं बंदच. मग आमच्या खुणा ठरल्या, काठी वर म्हणजे थांब, काठी आडवी म्हणजे पाणी, आणि दर वळणावर मागचा माणूस दिसेपर्यंत पुढच्याने हलायचं नाही. इतकी वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर आम्ही तासन्‌तास बोलतो पण एकमेकांकडे एवढं लक्ष देऊन बघितलं नव्हतं. कोण लंगडतंय, कोणाची बाटली संपत आलीय, कोणाला आता गप्प बसू द्यायचंय हे न विचारता कळायला लागलं. सॅन डिएगोवालीच्या टाचेला मोठा फोड आला होता, ती बोलली नाही, पण तिची चाल बघून नाशिककराने तिच्या सॅकमधलं दोन लिटर पाणी गुपचूप काढून स्वतःच्या सॅकमध्ये टाकलं, ते तिला संध्याकाळी कळलं आणि ती त्याच्यावर जाम चिडली. त्याने एवढंच म्हटलं, "अगं, उद्या तू घे माझं."

शेवटी तेहाचपीजवळच्या हायवे ५८ ला उतरलो, गावात आंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी तेहाचपी लूप बघायला गेलो. १८७६ साली हा रेल्वेमार्ग तयार झाला, हजारो चिनी मजुरांनी डोंगर फोडून केलेला, चढ हलका करायला रूळ गोल फिरवून स्वतःवरूनच नेलेत. लांब मालगाडी आली की तिचं इंजिन वरून आणि शेपूट खालून जाताना दिसतं. नाशिककर लहानपणापासून कसारा घाट बघत आलेला, तो तिथे तासभर हललाच नाही.

जायचं असेल तर एप्रिल बघा, मेअखेर ऊन फार होतं. पाण्याच्या टाक्यांवर किंवा कोणी ठेवलेल्या कॅनवर विसंबून निघू नका. खुंट्या लांब घ्या, गॉगल चांगला घ्या, ओठांना लावायला काहीतरी घ्याच. आमचा पुढचा तुकडा हायवे ५८ ते वॉकर पास, त्यात पाण्याचे टप्पे अजून लांब आहेत, नाशिककराने रजेचा अर्ज टाकलाय.