अहवाल निरंक, तरीही उंदरांत जंत

पुण्यात पाषाण-गणेशखिंडीच्या पट्ट्यात संशोधनसंस्थांची दाटी असल्यामुळे, प्राणिगृहात, म्हणजे प्रयोगांसाठीचे उंदीर पाळण्याच्या जागेत, काम करणाऱ्या आम्हा मंडळींच्या गप्पांत उंदरांच्या पोटातील जंतांचा विषय हमखास निघतो. पिनवर्म, म्हणजे आतड्यात राहणारे बारीक जंत, झालेला उंदीर बहुधा आजारी दिसतच नाही. तो नीट खातो, त्याची पिल्लेही व्यवस्थित वाढतात. परंतु जंतांमुळे त्याच्या प्रतिकारशक्तीचा कल बदललेला असू शकतो, आणि ॲलर्जीवर किंवा आतड्याच्या दाहावर प्रयोग करणाऱ्याला मिळालेला निष्कर्ष औषधाचा की जंताचा, हे मग सांगता येत नाही.

उंदरांत प्रामुख्याने दोन जातींचे पिनवर्म आढळतात आणि दोघांच्या सवयी वेगळ्या असतात. सिफेशिया ऑब्वेलाटा या जातीची मादी गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर अंडी घालते, त्यामुळे तेथे पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की अंडी सापडतात. लहान मुलांच्या जंतांसाठीही हीच तपासणी करतात. ॲस्पिक्युल्युरिस टेट्राप्टेरा मात्र मोठ्या आतड्यात राहते आणि तिची अंडी लेंड्यांतून बाहेर पडतात, म्हणून ती चिकटपट्टीवर सापडत नाहीत. त्यासाठी लेंड्या मिठाच्या किंवा साखरेच्या दाट द्रावणात कालवून अंडी वर तरंगू द्यावी लागतात. केवळ चिकटपट्टीच्या भरवशावर दिलेला निरंक अहवाल मला म्हणूनच अर्धवट वाटतो. शिवाय वय वाढते तसे जंतांचे प्रमाण घटते, तेव्हा म्हातारे उंदीर तपासून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. जंतांचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी अधिक संवेदनशील आहे, पण त्यालाही नमुना योग्य ठिकाणचा लागतो.

उपचार म्हणून खाद्यात फेनबेंडाझोल हे जंतनाशक मिसळणे सर्वांत सोयीचे पडते. आयव्हरमेक्टिन हे दुसरे जंतनाशक अंड्यांवर चालत नाही, आणि मेंदूत औषध शिरू न देणारे प्रथिन ज्यांच्यात नसते, अशा उंदरांना ते विषारी ठरते. ॲस्पिक्युल्युरिसचे जीवनचक्र साधारण 23 ते 25 दिवसांचे असल्याने औषध लवकर थांबवले की संसर्ग उलटतो. सिफेशियाची अंडी तर धुळीबरोबर खोलीभर पसरतात, तेव्हा पिंजरे आणि भुसा बदलण्याबरोबरच खोलीही धुवावी लागते.

फेनबेंडाझोलचाही प्रतिकारशक्तीवर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे कोणत्या पिंजऱ्यांना औषधी खाद्य कधी सुरू केले आणि कधी थांबवले, याची नोंद प्राणिगृहाच्या वहीत असतेच, पण ती संशोधकाच्या वहीतही असावी आणि शोधनिबंधात छापली जावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.